स्वमग्न मुलांचा स्पर्श आणि नजर: पालक आणि शिक्षक वारंवार विचारतात ते प्रश्न

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पालकांशी आणि शिक्षकांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांची ही उत्तरं. इथे फक्त त्वचा आणि डोळे या दोन ज्ञानेंद्रियांबद्दल लिहिलं आहे. सलग वाचायची गरज नाही. तुमचा प्रश्न दिसेल तिथून सुरुवात करा.

डोळे तपासले, सगळं ठीक आहे असं सांगितलं. मग दिसण्यात अडचण कसली?

नेत्रतपासणीत डोळा हा अवयव तपासला जातो: नंबर, बुबुळ, पडदा. पण पडद्यावर प्रतिमा उमटली म्हणजे दिसण्याचं काम संपलं असं नाही. ती मेंदूच्या मागच्या भागात जाते. तिथून रंग, कडा, हालचाल, चेहरे यांचं काम वेगवेगळे भाग वाटून घेतात. मग त्यातलं काय महत्त्वाचं आणि काय सोडून द्यायचं याची निवड होते. स्पर्शाचंही तसंच. त्वचेखालच्या चेतातंतूंनी निरोप पाठवला, तरी त्या निरोपाला किती वजन द्यायचं हे मेंदू ठरवतो. तुम्ही हे वाचत असताना अंगावरच्या कपड्यांचा स्पर्श तुम्हाला जाणवत नव्हता, कारण मेंदूने तो कधीच बाजूला सारला होता.

स्वमग्न मुलांमध्ये बहुतेक वेळा डोळा आणि त्वचा निरोगी असतात. फरक असतो तो पुढच्या टप्प्यांत: निवड करण्यात, एका इंद्रियाची माहिती दुसऱ्याशी जुळवण्यात, आणि तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा आली की तिची सवय होण्यात.

संवेदनांमधला हा फरक ऑटिझमचंच लक्षण आहे का, की वेगळा आजार?

लक्षणांपैकी एक आहे. ऑटिझमचं सुरुवातीचं वर्णन करणारे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली ज्या 11 मुलांबद्दल लिहिलं, त्यांत मोठे आवाज आणि हलत्या वस्तू यांना घाबरणारी मुलं होती. तरीही पुढची कित्येक दशकं या बाजूकडे दुय्यम म्हणूनच पाहिलं गेलं. 2013 साली डीएसएम-5 या निदानपुस्तिकेने संवेदनांना मिळणारा अति किंवा अत्यल्प प्रतिसाद निकषांत घातला. आयसीडी-11 या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही त्याची नोंद आहे. डीएसएम-5 मध्ये ठरावीक, पुन्हा पुन्हा होणाऱ्या वागणुकीच्या गटात चार लक्षणं आहेत, संवेदनांचं हे त्यांतलंच एक, आणि चारपैकी किमान दोन असावी लागतात. त्यामुळे संवेदनांचा त्रास नसलेलं मूलही स्वमग्न असू शकतं. मात्र तशी मुलं कमी. अमेरिकेतल्या हजारो मुलांच्या नोंदी तपासून 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे 74 टक्के स्वमग्न मुलांमध्ये असे फरक नोंदलेले होते.

उलट बाजूही सांगायला हवी. नुसत्या संवेदनशीलतेवरून ऑटिझमचं निदान होत नाही. कपड्यांचं लेबल टोचणारी आणि प्रखर उजेडाने वैतागणारी अनेक मुलं स्वमग्न नसतात.

हलकासा हात लावला तरी अंग चोरतं, पण घट्ट मिठी मारलेली आवडते. हे कसं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणाराही. म्हणून उत्तर सविस्तर देतो.

त्वचेतून मेंदूकडे जाणारा स्पर्श एकाच वाटेने जात नाही. एक वाट वेगवान तंतूंची. ते सेकंदाला कित्येक मीटर वेगाने निरोप नेतात आणि कुठे, किती, कसला स्पर्श झाला हे नेमकं सांगतात. दुसरी वाट अगदी संथ तंतूंची. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. हे तंतू केसाळ त्वचेत, म्हणजे बाहूंवर, पाठीवर, चेहऱ्यावर असतात. सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटिमीटर वेगाने कोणी हळुवार हात फिरवला की ते सर्वाधिक उद्दीपित होतात. आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग नेमका हाच. त्यांचा निरोप मेंदूच्या भावनांशी जोडलेल्या भागांत जातो आणि बहुतेकांना तो सुखद वाटतो.

स्वमग्न मुलांवर 2016 साली झालेल्या मेंदू-प्रतिमांच्या एका अभ्यासात असं दिसलं की अशा मायेच्या स्पर्शाला सामाजिक आणि भावनिक भागांतला प्रतिसाद इतर मुलांपेक्षा कमी होता. साध्या, भावनाशून्य स्पर्शाला मात्र स्पर्शाच्या मूळ केंद्रातला प्रतिसाद जास्त होता. याचा अर्थ मुलाला माया कळत नाही असा कृपा करून काढू नका. त्या स्पर्शाबरोबर इतरांना आपोआप जी ऊब मिळते ती त्याला तशी मिळत नसावी, आणि स्पर्शाचा नुसता तपशील मात्र ठळकपणे पोचत असावा, एवढंच यातून म्हणता येतं.

घट्ट मिठीत दाब स्नायू आणि सांध्यांपर्यंत जातो. तो मोठ्या भागावर सारखा पसरतो, सुरू झाल्यावर बदलत नाही. हलका स्पर्श नेमका उलट: कुठे सुरू होईल, कुठे सरकेल, कधी थांबेल, काहीच सांगता येत नाही. टेंपल ग्रँडिन या स्वमग्न शास्त्रज्ञ महिलेने तरुणपणी स्वतःसाठी अंग दाबून धरणारं यंत्र बनवलं होतं. त्याचा दाब किती ठेवायचा आणि कधी सोडायचा याची दांडी तिच्या स्वतःच्या हातात होती. कोणी मिठी मारलेली तिला सहन होत नसे, यंत्राचा दाब मात्र शांत करत असे.

इथेच मला वाटतं गोष्टीचं मर्म आहे. स्पर्श किती जोरात आहे यापेक्षा तो अपेक्षित आहे का आणि थांबवणं आपल्या हातात आहे का, हे मुलासाठी जास्त मोलाचं असतं. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, कारण आपली हालचाल मेंदूला आधीच ठाऊक असते आणि तो ती संवेदना मंद करतो. ऑटिझम असलेल्या प्रौढांवरच्या 2006 मधल्या प्रयोगात हे मंद करणं त्यांच्यातही शाबूत असल्याचं दिसलं: दुसऱ्याचा स्पर्श त्यांना इतरांपेक्षा जास्त तीव्र वाटला, पण स्वतःचा स्पर्श त्या मानाने सौम्यच वाटला. म्हणून कंगवा मुलाच्याच हातात देणं, हात लावण्याआधी सांगणं, मागून न येता समोरून येणं या साध्या गोष्टींनी इतका फरक पडतो.

सकाळी घातलेला शर्ट दुपारपर्यंत टोचतच राहतो. सवय का होत नाही?

कारण सवय होणं ही मेंदूची कृती आहे आणि तीच इथे मंद असते. 2015 साली स्वमग्न मुलांना एमआरआय यंत्रात झोपवून हातावर खरखरीत लोकर घासली आणि नकोसा आवाज ऐकवला गेला. ज्या मुलांचे पालक आधीपासून संवेदनशीलतेची तक्रार करत होते, त्यांच्या स्पर्शकेंद्रात आणि धोक्याची सूचना देणाऱ्या अमिग्डालात प्रतिसाद जास्त होता. शिवाय तीच गोष्ट पुन्हा पुन्हा झाली तरी तो इतरांसारखा ओसरत नव्हता. म्हणजे सकाळी नऊला टोचणारी शिवण दुपारी दोनलाही नवीकोरीच असते, आणि तोवर मुलाची सहनशक्ती संपलेली असते. दुपारचा उद्रेक ‘काहीच कारण नसताना’ झाला असं वाटतं तेव्हा सकाळपासूनचा हिशेब मांडून पाहा.

कपड्यांचे उपाय सोपे आहेत: लेबल मुळापासून उसवून काढा (कापलेल्या लेबलचं खुंट जास्त टोचतं), मोजे उलटे घाला म्हणजे शिवण बाहेर राहते, नवा कपडा आधी दोनचार वेळा धुवा, आवडता कपडा मिळाला की त्याच मापाचे आणि पुढच्या मापाचेही घेऊन ठेवा. रोज तोच शर्ट घातला तर काय बिघडलं?

मेंदूत नेमकं काय वेगळं असतं?

एकच असं कारण सापडलेलं नाही. विचार करण्याजोगे तीन धागे मात्र आहेत.

मेंदूत उत्तेजना वाढवणारी आणि ती आवरणारी अशी दोन्ही रसायनं असतात. आवरण्याचं मुख्य काम गॅबा हे रसायन करतं. स्वमग्न मुलांच्या स्पर्श आणि हालचालीच्या केंद्रात गॅबाचं प्रमाण कमी असल्याचं 2017 साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत आढळलं. बोटांवर सूक्ष्म कंपनं देऊन केलेल्या चाचण्यांत त्यांच्या स्पर्शाचं गाळणं वेगळं असल्याचंही दिसलं.

दुसरा धागा त्वचेजवळचा. 2016 साली उंदरांवरच्या संशोधनात ऑटिझमशी संबंधित काही जनुकं फक्त मेंदूबाहेरच्या, म्हणजे त्वचेकडून निरोप आणणाऱ्या चेतापेशींतून काढून टाकली गेली. मेंदूला हात न लावताही त्या उंदरांत स्पर्शाची अतिसंवेदनशीलता आली आणि मोठेपणी भित्रेपणा आणि सहवास टाळणंही दिसलं. उंदीर म्हणजे मूल नव्हे, आणि यातून उपचार निघायला अजून वेळ आहे. पण लहानपणी स्पर्श सतत त्रासाचा असेल तर माणसांजवळ जाणंच अवघड होऊन बसतं, ही शक्यता त्यातून गंभीरपणे पुढे आली. सामाजिक अडचण आधी आणि संवेदनांची नंतर, असा जो क्रम आपण गृहीत धरतो, तो प्रत्येक वेळी खरा असेलच असं नाही.

तिसरा धागा म्हणजे एलिझाबेथ पेलिकानो आणि डेव्हिड बर या संशोधकांनी 2012 मध्ये मांडलेला विचार. आपण जे पाहतो-अनुभवतो त्यात समोरची माहिती आणि आपला पूर्वानुभव यांची सरमिसळ असते. स्वमग्न व्यक्तींमध्ये पूर्वानुभवाचं वजन कमी पडत असावं, त्यामुळे जग जास्त कच्चं, जास्त तपशिलांचं आणि दर वेळी नवं भासत असावं, असं त्यांचं म्हणणं. हा सिद्धान्त आहे, अजून सिद्ध झालेलं सत्य नाही. पण अनेक पालकांना तो ऐकताच आपल्या मुलाची ओळख पटते.

एकाच मुलाला केस विंचरलेले सहन होत नाहीत आणि पडून गुडघा फुटला तरी ते रडत नाही. असं कसं होऊ शकतं?

होऊ शकतं, आणि अगदी नेहमी दिसतं. अतिसंवेदनशील आणि अल्पसंवेदनशील हे मुलांचे दोन वेगळे प्रकार नाहीत. एकाच मुलात, वेगवेगळ्या इंद्रियांत, इतकंच काय शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर दोन्ही एकत्र नांदतात. दिवसाची वेळ, झोप, आजारपण, ताण यांनीही पारडं झुकतं. विनी डन या ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने) 1997 मध्ये मांडलेल्या रचनेत आणखी एक फरक लक्षात आणून दिला आहे: कमी जाणवणारी काही मुलं स्वस्थ बसून राहतात, तर काही ती उणीव भरून काढायला धडपडतात, उड्या मारतात, भिंतीला अंग घासतात, सगळ्याला हात लावतात. वरून वागणं वेगळं, आतली गरज एकच.

दुखण्याबद्दल मात्र सावध राहा. स्वमग्न मुलांना वेदना कळत नाहीत ही जुनी समजूत संशोधनाने उचलून धरलेली नाही. वेदना दाखवण्याची त्यांची पद्धत वेगळी असते. रडण्याऐवजी मूल गप्प होईल, डोकं आपटेल किंवा जेवण सोडेल. ‘त्याला काही होत नाही’ असं म्हणून इजा सोडून देऊ नका.

स्वमग्न मुलांची नजर घारीसारखी तीक्ष्ण असते, हे खरं का?

2009 साली तसा दावा झाला होता आणि तो खूप गाजला. मोजण्याच्या पद्धतीवर आक्षेप आले आणि नंतरच्या काटेकोर चाचण्यांत दृष्टीची तीक्ष्णता इतरांइतकीच निघाली. 

जे खरं आहे ते जास्त रंजक आहे. अमिता शाह आणि उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये दाखवलं की मोठ्या चित्रात दडलेली छोटी आकृती शोधण्यात स्वमग्न मुलं सरस ठरतात. फ्रिथ यांनी याचा अर्थ असा लावला की तुकडे जोडून पूर्ण चित्र पाहण्याची ओढ त्यांच्यात कमी असते. लोराँ मोत्राँ या संशोधकाच्या गटाने उलट बाजूने पाहिलं: यात उणीव कुठली, तपशील पाहण्याची ताकदच जास्त आहे. मला दुसरं म्हणणं जवळचं वाटतं, कारण सांगितलं तर ही मुलं पूर्ण चित्रही पाहतात. आपणहून मात्र आधी तपशिलाकडे जातात. 2015 च्या एका अभ्यासात तर नऊ महिन्यांच्या ज्या बाळांना गर्दीतलं वेगळं अक्षर पटकन सापडत होतं, त्यांच्यात पुढे ऑटिझमची लक्षणं जास्त आढळली. इतक्या लवकर हा फरक असतो.

याचा रोजच्या जगण्यात अर्थ काय? तुम्ही पुस्तकातल्या चित्रात घर दाखवत असता आणि मूल खिडकीच्या कडीकडे बघत असतं. लक्ष नसतं असं नाही, लक्ष कडीवर असतं. मग कडीपासूनच बोलायला सुरुवात करा. शिकवताना एका पानावर एकच गोष्ट ठेवा, बाकीचं कोऱ्या कागदाने झाका, सजावटीची चौकट काढून टाका.

डोळ्यात डोळे घालून का बघत नाही?

कारणं एकाहून जास्त आहेत आणि सगळ्या मुलांत सारखी नाहीत. एमी क्लिन आणि वॉरन जोन्स या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की पुढे ऑटिझमचं निदान झालेली बाळं जन्मानंतर सुरुवातीला इतरांसारखीच डोळ्यांकडे बघत होती. 2 ते 6 महिन्यांच्या काळात ते हळूहळू कमी होत गेलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून पाठ फिरवलेली नव्हती.

2017 च्या एका अभ्यासात स्वमग्न व्यक्तींना चेहऱ्याच्या डोळ्यांच्या भागाकडेच बघायला लावलं, तेव्हा मेंदूच्या खोल भागांत इतरांपेक्षा कितीतरी जास्त उत्तेजना दिसली. अनेक स्वमग्न प्रौढ हेच आपल्या शब्दांत सांगतात: डोळ्यांत बघितलं की आत चटका बसतो, किंवा बघितलं की ऐकू येणं बंद होतं. मग ‘माझ्याकडे बघ’ असा हुकूम देऊन आपण काय मिळवतो? ऐकण्याची ताकद बघण्यात खर्च होते. मूल खाली बघत उत्तर देत असेल तर ते ऐकत आहे. तेवढं पुरे. हनुवटी धरून चेहरा वर करणं तर पूर्ण थांबवा. त्यात नकोसा स्पर्श आणि नकोशी नजर दोन्ही एकदम येतात.

पंख्याकडे, फिरत्या चाकाकडे तासन्‌तास बघतं. वस्तू डोळ्याच्या कडेने न्याहाळतं. थांबवावं का?

तिरक्या नजरेने न्याहाळणं लहान स्वमग्न मुलांत बरंच दिसतं, विशेषतः हलत्या वस्तूंच्या बाबतीत. नजरेच्या मध्याने तपशील टिपला जातो, कडेने हालचाल. तपशिलांचा मारा कमी करून हालचाल तेवढी घेण्याची ही मुलाची स्वतःची युक्ती असावी, असं एक स्पष्टीकरण आहे. 2013 मधल्या एका चाचणीत स्वमग्न मुलांना ठळक पट्ट्यांची हालचाल इतर मुलांच्या सुमारे दुप्पट वेगाने ओळखता आली. फिरतं चाक त्यांना आपल्याहून अधिक काही देत असेल, असं मानायला जागा आहे.

थांबवायचं की नाही हे नुकसानीवर ठरवा. मूल त्यात शांत होतं, हाक मारल्यावर थोड्या वेळाने परत येतं, इजा होत नाही, तर राहू द्या. मात्र तिरकं बघणं नव्याने सुरू झालं असेल किंवा एकाच डोळ्याने असेल, तर तिरळेपणा किंवा नंबर नाही ना, हे नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या. दिवसातला सगळा वेळ त्यातच जात असेल तर बंदी घालण्याऐवजी त्या आवडीत सामील व्हा: चाक तुम्ही फिरवा, थांबवा, ‘अजून’ म्हणायची वाट पाहा.

ट्यूबलाइटचा खरंच त्रास होतो का?

काहींना होतो. जुन्या चोकच्या ट्यूब विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट वेगाने लुकलुकतात. 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा. बहुतेकांना ते दिसत नाही, पण डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण ऑटिझम नसलेल्यांनाही त्यामुळे होतो. इलेक्ट्रॉनिक चोकमध्ये ही अडचण जवळजवळ नाहीशी होते. एलईडी दिवे चांगले आणि वाईट दोन्ही असतात. फोनच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे बघा, पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा बदललेला बरा. वर्गात मुलाला खिडकीजवळ पण खिडकीकडे पाठ करून बसवा. चकचकीत फळा, गुळगुळीत प्लॅस्टिक चढवलेले तक्ते, भिंतभर चिकटवलेली चित्रं यांतून येणारी चकाकी आणि गर्दी निदान त्याच्या समोरच्या भिंतीवरून तरी कमी करा.

बघणं आणि स्पर्श एकमेकांशी जुळण्यात काय फरक असतो?

यावर एक सुंदर प्रयोग आहे. तुमचा खरा हात पडद्याआड ठेवून समोर रबराचा हात ठेवतात आणि दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवतात. थोड्या वेळात रबराचा हात आपलाच वाटू लागतो, कारण डोळ्यांची साक्ष त्वचेच्या साक्षीवर मात करते. 2012 साली हाच प्रयोग स्वमग्न मुलांवर झाला. त्यांना हा भास लगेच झाला नाही, बराच जास्त वेळ ब्रश फिरवल्यानंतर झाला. त्यांचं शरीर डोळ्यांपेक्षा आतल्या साक्षीवर जास्त विसंबून होतं.

2009 चा आणखी एक अभ्यास याला दुजोरा देतो. यंत्राची दांडी हलवायला शिकताना स्वमग्न मुलं डोळ्यांना दिसणाऱ्या दिशेपेक्षा स्नायू आणि सांध्यांतून येणाऱ्या जाणिवेवर अधिक भर देत होती. हा कल जितका जास्त, तितक्या त्यांच्या सामाजिक अडचणीही जास्त होत्या. विचार केला तर हे पटतं. आपण हात हलवून टाटा करायला, चमचा धरायला, हसायला दुसऱ्याकडे बघूनच शिकतो. बघण्याचा धागा हालचालीशी सैल बांधलेला असेल तर अनुकरण अवघड जाणारच.

म्हणून नुसतं ‘मी करतो तसं कर’ पुरत नाही. क्रिया तुकड्यांत करा, हळू करा, मुलाला स्वतःच्या हाताने ती अनुभवू द्या. हात धरून शिकवायचं असेल तर आधी विचारा, तुमचा हात त्याच्या हाताखाली ठेवा म्हणजे त्याला कधीही काढून घेता येईल.

केस कापणं, नखं, दातांचा डॉक्टर: रोजचं रणांगण कसं टाळायचं?

दातांच्या दवाखान्याबद्दल चांगला पुरावा आहे. अमेरिकेत 160 हून अधिक स्वमग्न मुलांवर झालेला एक अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. त्यात दवाखान्याची खोली बदलली होती: खिडक्यांना गडद पडदे, डोक्यावरचा प्रखर दिवा बंद, छतावर संथ हलणारी चित्रं, मंद संगीत, आणि अंगाभोवती सौम्य दाब देणारं आवरण. त्याच मुलांना नेहमीच्या खोलीतही तपासलं गेलं. बदललेल्या खोलीत त्वचेवर मोजलेला ताण आणि प्रत्यक्ष वागण्यातला त्रास दोन्ही कमी निघाले. मुलावर काहीच प्रशिक्षण केलं नव्हतं. खोली बदलली होती. तुमच्या दंतवैद्याकडे एवढी सोय नसेल, पण गॉगल, सकाळची पहिली वेळ आणि अंगावर एखादं जड पांघरूण एवढं मागायला हरकत नाही.

घरी पाळायचा नियम एकच: शेवट दिसला पाहिजे. ‘दहा आकडे म्हणेपर्यंत घासायचं, मग थांबायचं’ आणि दहाला खरोखर थांबायचं, काम अपुरं असलं तरी. ज्या मुलाला थांबवता येतं, ते पुढच्या वेळी जास्त सहन करतं. नखं कापण्याआधी बोटं एकेक करून घट्ट दाबा. नखं अंघोळीनंतर मऊ असतात. केस कापताना आरसा द्यायचा की नाही हे मुलाला विचारून ठरवा. काहींना कात्री येताना दिसली की धीर येतो, काहींना उलट. झोपेत नखं कापण्याचा मार्ग अनेकजण धरतात. अडचणीला ठीक आहे, पण मुलाला ते कळलं तर झोपेवरचाही विश्वास उडू शकतो, म्हणून मी तो शेवटचा ठेवेन.

जबरदस्तीने सवय लावली तर त्रास जात नाही का?

ज्या मेंदूला सवय व्हायलाच अवघड जातं, त्याला नकोसा स्पर्श वारंवार देऊन बहुधा मूल सोसायला शिकतं, नाहीतर घाबरायला. हळूहळू, मुलाच्या संमतीने, त्याला कधीही थांबवता येईल अशा रीतीने नव्या गोष्टींची ओळख करून देणं वेगळं. कणकेसारख्या मऊ गोळ्यात बोट बुडवायला नको असेल तर आधी चमच्याने, मग पातळ पिशवीतून, मग एका बोटाने. मध्येच हात धुवायची सोय बाजूला ठेवा.

सेन्सरी इंटिग्रेशन थेरपी, वजनी पांघरूण, रंगीत चष्मा: उपयोग होतो का?

सेन्सरी इंटिग्रेशन म्हणजे झोके, उड्या, स्पर्शाचे खेळ अशा कृतींतून संवेदनांची जुळवाजुळव सुधारण्याचा प्रयत्न. ही कल्पना जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टने मांडली. तिची पद्धत काटेकोरपणे पाळून 32 मुलांवर केलेल्या 2014 च्या अभ्यासात, पालकांनी ठरवलेली रोजच्या जगण्यातली उद्दिष्टं गाठण्यात ही थेरपी मिळालेली मुलं ती न मिळालेल्यांपेक्षा पुढे राहिली. ब्रिटनमध्ये 138 मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र सहा महिन्यांनंतर चिडचिड आणि अस्वस्थता नेहमीच्या सेवेपेक्षा कमी झालेली दिसली नाही. माझा सल्ला: थेरपिस्टला एक ठोस उद्दिष्ट विचारा, ‘तीन महिन्यांत तो मोजे घालून शाळेत जाईल’ अशासारखं. ते मोजा. फरक नसेल तर थांबा. ‘मेंदू सुधारेल’ असं मोघम आश्वासन घेऊन वर्षानुवर्षं जाऊ नका.

वजनी पांघरुणाने झोप वाढत नाही, असं 67 मुलांच्या 2014 च्या चाचणीत दिसलं. मुलांना आणि पालकांना मात्र ते साध्या पांघरुणापेक्षा जास्त आवडलं. आवडतं म्हणून वापरा, झोपेचं औषध म्हणून नको. बाळांना आणि ज्या मुलाला ते स्वतः दूर करता येत नाही त्याला कधीही घालू नका, डोकं झाकू नका. रंगीत भिंगं आणि अंग ब्रशने घासण्याच्या पद्धती यांचा पुरावा कमकुवत आहे. प्रखर उजेडात साधी टोपी किंवा गॉगल पुष्कळदा तेच काम करतात.

वयाबरोबर कमी होतं का?

चौदा अभ्यास एकत्र करून 2009 साली काढलेल्या निष्कर्षानुसार त्रास साधारण 6 ते 9 वर्षांच्या वयात सर्वाधिक असतो आणि पुढे बरेचदा उतरतो. पूर्ण जातोच असं नाही. मोठेपणी माणूस आपले कपडे, आपली खोली, आपली वाट स्वतः निवडू शकतो, हेही उतरण्याचं एक कारण असावं.

मूल बोलत नाही. त्याला काय त्रास होतोय हे कसं ओळखू?

उद्रेक झाल्यावर त्याच्या आधीच्या तासाभरात काय घडलं ते लिहून ठेवा: कपडे, उजेड, गर्दी, कोणी हात लावला का, भूक, झोप. काही आठवड्यांत त्यात एक ठरावीक साचा दिसू लागतो. मूल स्वतः काय टाळतं आणि कशाच्या मागे जातं हेही नोंदवा; दोन्ही बोलणंच आहे. ‘थांब’ सांगायला एक कार्ड किंवा हाताची खूण शिकवा, आणि ती केली की त्या क्षणी थांबा.

नेत्रतपासणी करावी का? मूल यंत्रासमोर बसतच नाही.

जरूर करावी. स्वमग्न मुलांत तिरळेपणा आणि चष्म्याचे नंबर इतर मुलांपेक्षा जास्त आढळतात, आणि ‘ऑटिझममुळे बघत नाही’ असं म्हणून ते सुटून जातात. मुलाने उत्तरं न देताही, डोळ्यावर प्रकाश टाकून नंबर काढता येतो. आधीच फोन करून तसं करणाऱ्या बालनेत्रतज्ज्ञांकडे जा. मूल अगदी मोजकेच पदार्थ खात असेल तर तेही सांगा. अतिमर्यादित आहारामुळे जीवनसत्त्व अ कमी पडून स्वमग्न मुलांची नजर गेल्याच्या नोंदी आहेत. अंधारात अडखळणं, डोळे कोरडे पडणं, सतत चोळणं ही त्याची सुरुवातीची चिन्हं असू शकतात आणि वेळेत ओळखलं तर उपाय सोपा असतो.

अचानक वागणं बदललं तर?

नव्याने डोकं आपटणं, कान किंवा गाल दाबणं, डोळ्यात बोट घालणं सुरू झालं तर ते संवेदनांच्या खात्यावर टाकू नका. आधी कान, दात, डोळे, पोट तपासून घ्या. डोळा सतत दाबल्याने कायमची इजा होऊ शकते, त्यासाठी पुढच्या ठरलेल्या भेटीपर्यंत न थांबता त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवा, आणि जाताना मूल हे कधी, कुठे आणि कोणत्या डोळ्याला करतं याचा छोटा व्हिडिओ फोनमध्ये ठेवा.